कुठेही नसलेल्या जागेच्या मधोमध

परवा रात्री जेवणं आटोपली आणि नेहमीप्रमाणे चष्मा पुसून फोन उघडला. घरच्या ग्रुपवर भाच्याने एक जाहिरात टाकली होती आणि खाली विचारलं होतं, "कशी वाटते?" जाहिरात आमच्याच गावच्या घराची आणि मागच्या तीस गुंठ्यांची. घर विकायचं ठरलंय हे बहुतेक नातेवाईकांना ठाऊक आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. दादा ऐंशी ओलांडून गेला, वहिनीला पायऱ्या चढवत नाहीत, एक मुलगा पुण्यात, एक टेक्ससला. कौलं दर पावसाळ्याच्या तोंडावर माकडं उचकटून ठेवतात आणि ती परत बसवणारा माणूस आता गावात मिळत नाही. विकण्याला माझी ना नव्हती, आजही नाही.

जाहिरात इंग्रजीत. फोटो इतके सुंदर की क्षणभर मलाच ओळख पटेना. आणि वर ठळक अक्षरांत मथळा: 'अ होम इन द मिडल ऑफ नोव्हेअर'. खाली मराठीत एवढंच की शेतकरी दाखला आवश्यक!

भराभर अंगठे आले. मी लिहिलं, "हे नोव्हेअर म्हणजे कुठे रे?" त्यावर चार हसरे चेहरे आले आणि भाच्याचं उत्तर आलं, "आत्या, नुसती फ्रेज आहे ती!"

नुसती फ्रेज. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला हे शब्द सांगून झोप लागेल का? लागली नाही. म्हणून हा लेख. नेहमीच्या वाचकांनी आजचा त्रागा सांभाळून घ्यावा, आणि घरच्यांनी शेवटपर्यंत वाचावा, कारण शेवटी कामाचं आहे.

आधी माझी पायरी सांगते. मी मराठी माध्यमातून बी. ए. झाले. इंग्रजी तर्खडकरी वाचून, डिक्शनरी उशाशी ठेवून आलेलं. पुढे शाळेत इंग्रजीला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी शिकवलं. असं एकेक शब्द उचलून शिकलेल्या माणसाचा एक फायदा असतो: ज्यांच्या तोंडात भाषा आपोआप खेळते ते एखादा वाक्प्रचार गिळून पुढे जातात, आमच्या मात्र तो दाताखाली येतो. 'मिडल ऑफ नोव्हेअर' हा तसाच खडा. मध्य काढायला आधी कडा लागतात. जे कुठेच नाही त्याचा मध्य कसा काढणार? पण ही थट्टा झाली, भाषा गणिताने चालत नाही हे मला कळतं. माझं भांडण दुसरं आहे.

मी वही काढली (हो, मला अजून वही लागते) आणि लांबच्या जागांचे जेवढे इंग्रजी वाक्प्रचार आठवले ते वाक्यांत उपयोग करून लिहून काढले. आम्ही मुलांना घालायचो तसाच गृहपाठ. 'द कार ब्रोक डाउन इन द मिडल ऑफ नोव्हेअर.' 'ही वॉज पोस्टेड टू सम गॉडफोर्सेकन प्लेस.' 'शी कम्स फ्रॉम द बॅक ऑफ बियॉंड.' 'दे लिव्ह आउट इन द स्टिक्स.' 'यू वोन्ट फाइंड अ बेटर टेलर फ्रॉम हिअर टू टिंबक्टू.' पान भरलं. मग लाल पेन घेतलं आणि सहावीतल्या पोरांना विचारतात तसं स्वतःला विचारलं: कर्ता कोण?

एका वाक्यात गाडी कर्ता. एकात तो, एकात ती, एकात ते. आणि ती लांबची जागा? ती प्रत्येक वाक्यात कुठल्यातरी 'इन', 'टू', 'फ्रॉम'च्या मागे उभी. आपल्या व्याकरणात सांगायचं तर कधी अधिकरण, कधी अपादान, पण कर्ता एकदाही नाही. क्रियापद तिच्या वाट्याला येतच नाही. गाडी बंद पडते, साहेबाची बदली होते, कुणीतरी तिथून येतं, कुणीतरी तिथे जाऊन पडतं. ती जागा स्वतः काही करत नाही. 'द मिडल ऑफ नोव्हेअर गॉट अप अर्ली अँड मिल्क्ड द काउज' असं वाक्य मी तरी कुठे वाचलेलं नाही.

आता आपल्याकडे बघा. लग्नाला गाव लोटलं. गाव जेवून उठलं. गावाने देऊळ बांधलं. गाव हसेल. गावाने वाळीत टाकलं (हेही गावच करतं, गोडवे गायला मी बसलेले नाही). चांगलं असो, वाईट असो, आपल्या वाक्यात गाव काहीतरी करतं. कुणी म्हणेल, इंग्रजीतही 'द होल व्हिलेज टर्न्ड आउट' म्हणतात की. म्हणतात, पण ओळखीच्या गावाबद्दल. बोलणाऱ्यापासून गाव लांब गेलं की त्याचं कर्तेपण सुटतं, त्यानंतर नाव सुटतं आणि उरतो तो नोव्हेअर.

'गॉडफोर्सेकन'चं मला विशेष नवल वाटतं. देवानेही टाकलेलं! आमच्या गावच्या वेशीवर मारुती आहे, ओढ्याकाठी म्हसोबा, माळावर भैरोबा, आणि डोंगरावरची देवी ती वेगळीच. चार देव ज्या गावाला पुरून उरतात ते देवाने टाकलेलं कसं? फार तर साहेबाने टाकलेलं म्हणा.

टिंबक्टूची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण हे पाप माझ्याही पदरी आहे. वर्गात लक्ष नसलेल्या पोराला मी विचारायची, "काय रे, टिंबक्टूला गेला होतास का?" वर्ग हसायचा. टिंबक्टू खरोखर आहे की नाही हे ना पोरांना ठाऊक, ना बाईंना. अगदी अलीकडे, २०१३ साली वर्तमानपत्रात बातमी वाचली आणि मग नकाशा काढला. ते पश्चिम आफ्रिकेत माली देशात आहे, सहाराच्या दक्षिण कडेला, नायजर नदीपासून फार दूर नाही. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी तिथे उंटांच्या तांड्यांवरून मीठ यायचं, सोनं जायचं. राजा मन्सा मुसा १३२४ साली मक्केला गेला आणि परतल्यावर त्याने तिथे मशीद बांधवली, ती अजून उभी आहे. सांकोरेच्या मशिदीभोवती शिकणारे-शिकवणारे जमले. सोळाव्या शतकातला प्रवासी लिओ आफ्रिकानस लिहून गेलाय की तिथे हस्तलिखितांच्या व्यापारात इतर कुठल्याही मालापेक्षा जास्त नफा होतो. पुस्तकांवर सर्वांत जास्त नफा मिळवणारं गाव! आपल्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारांना विचारा, त्यांना स्वर्ग वाटेल तो.

युरोपला मात्र ते 'सापडत' नव्हतं. गॉर्डन लेंग नावाचा स्कॉटिश अधिकारी १८२६ मध्ये तिथे पोचला आणि परतीच्या वाटेवर मारला गेला. जिवंत परत येणाऱ्यासाठी पॅरिसच्या भूगोल मंडळाने दहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं होतं, ते रेने काय्ये याने १८२८ मध्ये मुसलमान प्रवाशाचा वेश घेऊन मिळवलं. म्हणजे त्यांना पोचायला अवघड गेलं म्हणून ते गाव दुनियेच्या टोकाला, आणि मग त्या टोकाचा वाक्प्रचार. तो आपण सहावीच्या वर्गात आणून पोरं हसवली.

आणि २०१३ ची बातमी काय होती? २०१२ साली शस्त्रधारी टोळ्यांनी ते शहर ताब्यात घेतलं. जाताना त्यांनी हस्तलिखितं जाळली. पण त्याआधीच अब्देल कादर हैदरा नावाच्या ग्रंथपालाने आणि गावातल्या घराघरांतल्या लोकांनी बहुतेक हस्तलिखितं पत्र्याच्या ट्रंकांत भरून, गाड्यांतून, होड्यांतून राजधानी बामाकोला गुपचूप हलवली होती. बघा, इथे टिंबक्टू कर्ता आहे. त्याने पुस्तकं वाचवली. मी ती बातमी कापून ठेवली आणि नंतर पुन्हा कधी वर्गातला तो विनोद घरात केला नाही.

'बूनडॉक्स' हा अमेरिकन शब्द. फिलिपिन्समध्ये तगालोग भाषेत 'बुंडोक' म्हणजे डोंगर. गेल्याच्या गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन सैन्य तिथे लढायला गेलं आणि तिथल्या लोकांचा डोंगर उचलून घरी घेऊन आलं. आता ओहायोतलं एखादं आडवळणाचं गावही बूनडॉक्समध्ये. ज्यांचा डोंगर, त्यांची आठवणही त्या शब्दात उरली नाही.

'मिडल ईस्ट'बद्दल फार लिहीत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उभं राहून अरबस्तानाकडे तोंड केलं तर सूर्य मावळताना दिसतो, एवढं पुरे. तिथल्या घराघरांतून मस्कत-दुबईला गेलेली माणसं आहेत, ती 'आखातात' गेलो म्हणतात. सरकारही 'पश्चिम आशिया' म्हणतं. आपली वर्तमानपत्रं तेवढी लंडनच्या खिडकीत बसून 'मध्यपूर्व' लिहितात.

इथवर वाचून कुणी टाळ्या वाजवणार असेल तर थांबा. आपण धुतल्या तांदळाचे नाही. 'अटकेपार झेंडे' हा शब्द आपण १७५८ पासून मिरवतो, त्यात झेंडा आहे, आपण आहोत, सिंधूकाठच्या अटकेत राहणारी माणसं कुठे आहेत? 'गडचिरोलीला पाठवीन' ही धमकी सरकारी कचेरीत कुणी ऐकली नाही? गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली, आणि तेव्हापासून तो आपल्या बोलण्यात शिक्षेचं नाव झालाय. बातम्यांत तर 'दुर्गम' आणि 'अतिदुर्गम' ही त्याची जोडनावंच आहेत. दुर्गम म्हणजे जिथे जाणं अवघड. पण भामरागडच्या माणसाला भामरागडला जायचंच नसतं, तो तिथेच आहे. पर्लकोटेला पूर आला की त्याला नागपूरचं हॉस्पिटल दुर्गम. तसं मात्र आपण कधी लिहीत नाही.

त्याच जिल्ह्यात धानोऱ्याजवळ मेंढा-लेखा नावाचं गोंडांचं लहानसं गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावाची. २००९ साली त्याने आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा वाहतूक परवाना मिळवला. गावाने निर्णय घेतला, गावाने अर्ज केला, गावाने बांबू विकला. व्याकरणाच्या बाईला आणखी काय हवं?

माझा स्वतःचा एक कबुलीजबाब राहिला. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला डोंगरातल्या एका शाळेवर पाठवलं. एसटी सोडून दोन तास चाल. मी ज्या म्हातारीच्या पडवीत राहत होते तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मी आईला लिहिलेलं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, कौतुकाने. त्यात 'अशा आडगावात येऊन पडले आहे' असं वाक्य होतं. म्हातारी शेण थापता थापता म्हणाली, "आडगाव? बाई, कुणाच्या वाटंच्या आड आलो आमी?" मी पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं. पन्नास वर्षं होत आली, पण तो प्रश्न मला कुठल्याही निरीक्षकाने विचारलेल्या प्रश्नापेक्षा अवघड वाटतो.

असो. भाच्याकडे वळते.

त्याचं म्हणणं, "आत्या, तुला वाटतं तसं हे वाईट अर्थाने नाही. उलट लोकांना हल्ली नोव्हेअरच हवंय. शांतता हवी, रेंज नको. त्याचेच पैसे देतात." अरे, तेच तर! पूर्वी नोव्हेअर म्हणून नाक मुरडायचे, आता नोव्हेअर म्हणून पैसे मोजतात. पण दोन्ही वेळा अट एकच, की तिथे कुणी असता कामा नये.

असा पैसे मोजून आलेला माणूस पुढे काय करतो ते आम्ही बघितलंय. चार वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडचं रान एका शहरातल्या गृहस्थांनी घेतलं. नाव कशाला घेऊ, माणूस वाईट नव्हता. त्यांनाही असंच काहीतरी सांगून रान विकलेलं. आल्या आल्या त्यांनी तारेचं कुंपण घातलं, ते थेट पाणंदीवर. त्या पाणंदीने गुरं पाण्यावर जायची, बाया सरपणाला जायच्या, आणि चैत्रात भैरोबाची पालखी जायची. गावातली माणसं बोलायला गेली तर ते गृहस्थ खरोखरच चकित झाले. म्हणाले, "पण इथे तर कुणीच नव्हतं!" त्यांचं काय चुकलं? कुणीच नाही असंच त्यांनी विकत घेतलं होतं. मग पहाटेची काकड आरती, कोंबडे, शेणाचा वास, सगळ्याची तक्रार. पाणंदीचं प्रकरण अजून तहसीलला आहे, आणि पालखी डांबरी रस्त्याने लांबून वळसा घालून जाते.

आता या 'नोव्हेअर'चं थोडं. पाटणच्या पुढे, कोयनेच्या खोऱ्यात आमचं गाव. कोयनेचं धरण बांधलं तेव्हा खोऱ्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. माणसं उठून सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत कुठे कुठे वसवली गेली, आणि काहींच्या पुनर्वसनाचे कागद नातवंडांच्या हयातीतही पुरे झालेले नाहीत. त्या पाण्यावर झालेली वीज मुंबईपर्यंत गेली. आमच्या तालुक्यातली माणसं त्याआधीपासून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, मशीद बंदरात पोती उचलत होती. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातले. मुंबईला आम्ही रोज लागत होतो, मुंबईला ते ठाऊक नसेल.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला. मी सतरा वर्षांची. आईने आम्हाला दाराबाहेर ओढलं आणि पाठोपाठ घराची मागची भिंत बसली. कोयनानगर तर जमीनदोस्त झालं. जगभरच्या भूकंपमापकांच्या सुया त्या पहाटे हलल्या. म्हणजे त्या यंत्रांना आम्ही कुठे आहोत ते अंशा-मिनिटांत कळलं, माझ्या भाच्याला कळू नये? पुढे सहा महिने वडील आणि चुलते सुट्टीच्या दिवशी दगड निवडून आणत आणि ती भिंत पुन्हा रचत. मी पाणी आणि चुना द्यायला असायची. जाहिरातीतल्या तिसऱ्या फोटोत तीच भिंत आहे. खाली लिहिलंय 'रस्टिक स्टोन वॉल'.

एक सांगू का? आपल्याकडे जागेचं वर्णन करण्याची फार चांगली रीत आहे आणि ती कुणा कवीने नव्हे, दस्त लिहिणाऱ्या कारकुनांनी सांभाळली आहे. कुठलंही जुनं खरेदीखत काढा. त्यात जागा 'रम्य' आहे की 'दूर' आहे असं काही लिहिलेलं नसतं. चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेस कोण, दक्षिणेस कोण, पश्चिमेस, उत्तरेस. म्हणजे शेजार सांगितल्याशिवाय जागा सांगताच येत नाही! मग पुढे ते सुंदर कलम, की जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. घेणाऱ्याला पहिल्याच पानावर कळतं की आपण कुणाकुणाच्या मधोमध जाऊन राहणार आहोत.

तर आता घरच्यांसाठी कामाचं. सातबाऱ्यावर वडिलांच्या मागे दादाच्या जोडीला माझंही नाव लागलेलं आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींच्या हिश्श्याबद्दल कुणाला शंका उरू नये. वाट्याच्या पैशांची मला हाव नाही, ते पोरांनी बघावं. पण खरेदीखताला माझी सही लागेल, आणि ती मी या मथळ्याखाली करणार नाही. हट्ट म्हणा, म्हातारचळ म्हणा. वहिनी फोनवर म्हणाली, "एवढ्याशा शब्दापायी गिऱ्हाईक घालवाल." जाऊ दे गेलं तर. पाणंदीवर कुंपण घालणारं आणखी एक गिऱ्हाईक मला नकोच आहे.

नवा मजकूर मीच लिहून देते. भाच्याने त्याचं इंग्रजी करावं, त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे.

विकणे आहे. पाटण तालुक्यात राहतं कौलारू घर व मागील तीस गुंठे. पूर्वेस ओढा, त्यापलीकडे गुरवाचं शेत. दक्षिणेस आमच्या भावकीतल्यांची आंब्याची बाग, कैऱ्या मागितल्या तर मिळतात. पश्चिमेस डोंगर व वनखात्याची हद्द, रानडुकरं येतात. उत्तरेस गाडीवाट, वाटेपलीकडे जिल्हा परिषदेची मराठी शाळा, यंदाचा पट नऊ, प्रार्थना सकाळी ऐकू येते. मुक्कामाची एसटी रात्री येते, पहाटे सुटते. गाडीवाट वहिवाटीची असून चैत्रात तिच्यावरून पालखी जाते, ती अडवता येणार नाही.

फोटो आहेत तेच ठेव रे. फक्त तिसऱ्याखाली भिंतीचं साल घाल, १९६८.